आकाश निरभ्र आहे, पण हवा शांत आहे का?

एखाद्या संध्याकाळी वाऱ्याने धूळ आणि धुके पार पळवून लावलेले असते, आकाश धुऊन काढल्यासारखे दिसते, व्याधाचा तारा निळे, तांबडे, हिरवे रंग टाकत झगमगत असतो आणि नुकतीच दुर्बीण घेतलेला निरीक्षक मोठ्या उमेदीने तिचे तोंड गुरूकडे वळवतो. आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, मात्र त्याला वाहत्या ओढ्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखी एक चकती दिसते. तिच्या कडा उकळत असतात, पट्टे क्षणभर उमटून विरघळतात आणि फोकस कितीही मागेपुढे केला तरी प्रतिमा नेमकी कुठे स्पष्ट होते ते ठरत नाही. मग तो आरशाला दोष देतो, आयपीसला दोष देतो, कधी स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतो. बहुतेक वेळा या तिघांचाही काही अपराध नसतो. दुर्बीण आणि गुरू यांच्यामध्ये जी हवा आहे, ती त्या रात्री अस्वस्थ असते.

आकाशाचे दोन गुण आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळे ठेवूनच पाहावे लागतात. पहिला गुण पारदर्शकतेचा, म्हणजे हवेत धूळ, धूर आणि बाष्प किती कमी आहे आणि त्यामुळे किती मंद तारे दिसू शकतात याचा. दुसरा गुण स्थिरतेचा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश हवेतून येताना किती कमी विस्कटतो याचा. या दुसऱ्या गुणाला जगभरचे निरीक्षक ‘सीइंग’ म्हणतात आणि मराठीतही हौशी निरीक्षकांच्या बोलण्यात हाच शब्द रुळला आहे. त्यासाठी ‘दृश्यमानता’ हा शब्द वापरणे मला पटत नाही, कारण तो ऐकताच धुक्याचा, म्हणजे पुन्हा पारदर्शकतेचाच विचार मनात येतो. हे दोन गुण एकाच रात्री क्वचित एकत्र येतात. थंड हवेची लाट नुकतीच येऊन गेलेली असते तेव्हा आकाश काचेसारखे स्वच्छ असते, पण वेगवेगळ्या तापमानांच्या हवा अजून एकमेकींत मिसळत असतात. उलट हवेचा दाब जास्त असलेल्या, वारा पडलेल्या, किंचित धुरकट रात्री मंद तेजोमेघ हरवतात, पण ग्रहांची बिंबे कोरून काढल्यासारखी स्थिर दिसतात. ग्रह पाहण्याची आवड असलेल्या माणसाने धुरकट आकाश पाहून दुर्बीण आत ठेवून दिली, तर वर्षातल्या सर्वांत चांगल्या रात्रींपैकी एखादी तो अशीच घालवून बसतो.

हवा प्रकाशाला कशी विस्कटते हे समजायला एकच गोष्ट पुरेशी आहे: थंड हवा दाट असते, गरम हवा विरळ असते, आणि दाट हवेतून प्रकाश किंचित सावकाश जातो. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे तिच्यातून जाताना प्रकाश किती मंदावतो त्याचे माप, समुद्रसपाटीजवळ सुमारे १.०००२९ असतो, म्हणजे निर्वात पोकळीपेक्षा नाममात्रच जास्त, आणि तापमान एका अंश सेल्सिअसने बदलले की त्यात जवळजवळ दहा लाखांत एक भाग इतका फरक पडतो. हा आकडा नगण्य वाटतो, पण प्रकाशाची लांबी त्याहून नगण्य आहे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). भोवतालच्या हवेपेक्षा एका अंशाने गरम असलेल्या हवेचा अर्धा मीटर जाडीचा थर प्रकाशाच्या वाटेत आला, तर त्यातून गेलेला प्रकाश शेजारच्या प्रकाशापेक्षा जवळजवळ एका पूर्ण तरंगलांबीइतका पुढे निघून जातो. चांगल्या दुर्बिणीचा आरसा किंवा भिंग घडवताना प्रकाशलहरीतली चूक एक चतुर्थांश तरंगलांबीपेक्षा कमी ठेवायची असते. म्हणजे एका अंशाचा फरक असलेली अवघी पंधरा सेंटीमीटर हवा त्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवू शकते.

दूरच्या ताऱ्याकडून निघालेली प्रकाशलहर पृथ्वीपाशी पोहोचते तेव्हा ती ताणलेल्या कापडासारखी सपाट असते. वातावरणाच्या शेवटच्या काही किलोमीटरमध्ये तिला सुरकुत्या पडतात. हवेचे वेगवेगळ्या वेगांचे थर एकमेकांवर घासतात, त्यांच्या सीमेवर दहा-वीस मीटरचे भोवरे उठतात, त्या भोवऱ्यांतून लहान भोवरे आणि त्यांतून आणखी लहान असे करत शेवटी काही मिलिमीटरपर्यंत येऊन ही खळबळ विरून जाते. मोठ्या भोवऱ्यातली ऊर्जा लहान भोवऱ्यांत कशी झिरपत जाते याचे गणित रशियन गणितज्ञ आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ साली मांडले आणि आजही सीइंगचा सगळा हिशेब त्याच पायावर उभा आहे. नुसत्या वाऱ्याने मात्र प्रतिमा बिघडत नाही, हे ध्यानात घ्यायला हवे. सगळी हवा एकाच तापमानाची असेल तर ती कितीही ढवळली तरी प्रकाशाला फारसा फरक पडत नाही. तापमानांतला फरक आणि ढवळणे ही दोन्ही एकत्र आली की मग प्रतिमा थरथरू लागते.

तारे लुकलुकतात आणि ग्रह लुकलुकत नाहीत, हे आपण लहानपणी शिकतो, त्याचेही मूळ इथेच आहे. वातावरणाच्या वरच्या थरांतले हवेचे गोळे दुबळ्या भिंगांसारखे काम करतात आणि ताऱ्याचा प्रकाश कुठे थोडा गोळा करतात, कुठे थोडा पसरवतात. त्यामुळे जमिनीवर काही सेंटीमीटर रुंदीचे उजळ आणि अंधुक ठिपके सतत सरकत असतात, आणि डोळ्याची बाहुली जेमतेम सहा-सात मिलिमीटरची असल्यामुळे ती कधी उजळ ठिपक्यात येते, कधी अंधुक ठिपक्यात. खग्रास सूर्यग्रहणाच्या आधी सूर्याची बारीक कोर उरलेली असताना पांढऱ्या चादरीवर सळसळणारे सावल्यांचे पट्टे दिसतात, ते याच सरकत्या ठिपक्यांचे भावंड. ग्रहाला मात्र रुंदी असते. त्याच्या बिंबाचा प्रत्येक बिंदू वेगवेगळा लुकलुकतो आणि ते सगळे बिंदू मिळून सरासरी सारखी राहते. क्षितिजाजवळचा व्याध रंग का टाकतो, याचेही कारण जवळचेच आहे: तिथे निळा आणि तांबडा प्रकाश हवेतून किंचित वेगळ्या वाटांनी येतो, त्यामुळे प्रत्येक रंग आपापल्या वेळी चमकतो.

नुसत्या डोळ्यांना दिसणारे लुकलुकणे प्रामुख्याने उंचावरच्या खळबळीमुळे होते, तर दुर्बिणीतली प्रतिमा बिघडवण्यात जमिनीलगतच्या हवेचाही मोठा वाटा असतो. म्हणून तारे झगमगत असतील तर ग्रहांसाठी रात्र वाईट, हा अंदाज सहसा खरा ठरतो, पण तारे शांत दिसत असतील तर रात्र चांगली असेलच, अशी खात्री देता येत नाही.

आता मोजमापाकडे वळू. आकाशातली अंतरे कोनांत मोजतात. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. विकलेलाच निरीक्षक मंडळी ‘आर्कसेकंद’ म्हणतात. दोन किलोमीटर अंतरावर ठेवलेल्या एक सेंटीमीटरच्या वस्तूचा कोन साधारण एक विकला भरतो. चंद्राचे बिंब सुमारे १,८०० विकलांचे असते आणि त्याच्यावरची एक विकला म्हणजे जवळपास १.९ किलोमीटर. प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना, गुरूचे बिंब ४५ विकलांच्या आसपास असते, आणि मंगळ अगदी जवळ आला तरी २५ विकलांच्या पुढे सरकत नाही. सीइंगचा आकडा म्हणजे हवेमुळे ताऱ्याचा टिंब किती विकलांच्या डागाएवढा पसरला आहे, त्याचे माप. हौशी निरीक्षक जिथून पाहतात अशा बहुतेक ठिकाणी हा आकडा दोन ते चार विकलांच्या दरम्यान राहतो. एक ते दोन विकला असेल तर रात्र चांगली म्हणायची. एक विकलेच्या खाली उतरलेली रात्र दुर्मीळच, आणि ती आली की झोपेचा विचार बाजूला ठेवावा.

दुर्बिणीची स्वतःची मर्यादाही विकलांतच सांगतात. ११६ या आकड्याला दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागले की एकमेकांना चिकटलेले दोन तारे ती किती अंतरापर्यंत वेगळे दाखवू शकेल याचा अंदाज मिळतो. १०० मिलिमीटरच्या दुर्बिणीसाठी हे उत्तर १.१६ विकला येते आणि २५० मिलिमीटरच्या दुर्बिणीसाठी ०.४६ विकला. दोन विकलांच्या सीइंगखाली या दोन्ही दुर्बिणी आपल्या मर्यादेपर्यंत पोहोचत नाहीत, आणि मोठी दुर्बीण तर तिच्यापासून फारच दूर राहते. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड फ्राइड यांनी १९६०च्या दशकात हीच गोष्ट एका लांबीत बसवली. प्रकाशलहर जेवढ्या रुंदीत जवळजवळ सपाट राहते ती रुंदी म्हणजे फ्राइड यांची लांबी. ती १० सेंटीमीटर असेल तर सीइंग सुमारे एक विकला, आणि ५ सेंटीमीटर असेल तर दोन विकला. या लांबीपेक्षा लहान दुर्बिणीत तारा इकडेतिकडे डुलतो, पण त्याचा आकार बिघडत नाही आणि डोळा त्या डुलण्याचा माग काढू शकतो. लांबीच्या कित्येक पट मोठ्या दुर्बिणीत मात्र एकाच ताऱ्याचे अनेक ठिपके होतात आणि ते मुंग्यांसारखे वळवळत राहतात. वाईट हवेत लहान दुर्बीण ‘जास्त चांगली’ दाखवते असे जे म्हटले जाते, त्याचे मूळ यात आहे. माझ्या मते ते विधान अर्धेच खरे आहे. लहान दुर्बिणीची प्रतिमा डोळ्यांना सुखावते हे खरे, पण हवा एखादा क्षण थांबली की त्या क्षणी मोठ्या दुर्बिणीत जे दिसते ते लहान दुर्बिणीत कधीच दिसत नाही.

खळबळ कुठे आहे, हे ओळखणे सर्वांत महत्त्वाचे, कारण तिच्यातला एक भाग पूर्णपणे आपल्या हातात असतो आणि तोच भाग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. खळबळीचे तीन मुक्काम मानता येतात: दुर्बिणीच्या नळीच्या आत, जमिनीपासून काही मीटर ते काही शे मीटर उंचीपर्यंत, आणि त्याहून वर थेट दहा-बारा किलोमीटरपर्यंत. मुक्काम ओळखायची पद्धत सोपी आहे. डोक्यावर बऱ्यापैकी उंच असलेला एखादा तेजस्वी तारा निवडावा, मोठेपणा, म्हणजे प्रतिमा किती पट मोठी दिसते ते, जरा वाढवावा आणि फोकस मुद्दाम थोडा सरकवून ताऱ्याचा टिंब वाटाण्याएवढ्या चकतीत पसरू द्यावा. त्या चकतीत हवा प्रत्यक्ष दिसू लागते. चकतीवर एका कडेकडून वर चढणारा धुरासारखा संथ लोट दिसला, किंवा चकती एका बाजूला फुगलेली आणि दुसऱ्या बाजूला चपटी वाटली, तर उष्णता नळीच्या आतच आहे. भांड्यात पाणी खळखळावे तशी सगळी चकती जागच्या जागी उकळत असेल, तर त्रास जमिनीलगतचा आहे. आणि चकतीवरून बारीक सुरकुत्या एकाच दिशेने, पावसात काचेवरून ओघळणाऱ्या पाण्यासारख्या वेगाने वाहून जात असतील, तर ते उंचावरचे वारे आहेत. उंच थराकडे फोकस वळवण्यासाठी ताऱ्याच्या फोकसपासून आयपीस किंचित बाहेर काढावा लागतो की आत घ्यावा लागतो, हे आधी फार डोक्यात घेऊ नये. दोन्ही बाजूंनी पाहावे आणि जे ठळक दिसेल ते टिपून ठेवावे.

नळीच्या आतल्या हवेविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. घरातल्या उबदार खोलीतून दुर्बीण बाहेर आणली की तिचा आरसा तासन्‌तास गरम राहतो, कारण काच उष्णता सावकाश सोडते. आरशाला चिकटून गरम हवेचा एक पातळ थर साचतो, तो तुटतो, वर चढतो, पुन्हा साचतो, आणि प्रकाश त्या थरातून दोनदा जातो: एकदा आरशाकडे येताना आणि एकदा परतताना. वर पाहिलेला पंधरा सेंटीमीटरचा हिशेब आठवला, तर आरसा भोवतालच्या हवेपेक्षा दोन अंशांनी जरी गरम असला तरी काय होईल याची कल्पना येते. आरसा जितका जाड तितका वेळ जास्त, आणि २५ सेंटीमीटरच्या नेहमीच्या आरशाला पंख्याशिवाय एक ते दोन तास सहज लागतात. आरशाच्या मागे बसवलेला एक लहानसा, कंप न देणारा पंखा हा वेळ बराच कमी करतो, शिवाय त्या गरम थराला साचूही देत नाही. दोन्ही टोके बंद असलेल्या मॅक्सुटोव्ह किंवा श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणींत आतली हवा अडकून पडते, आणि मॅक्सुटोव्हच्या पुढच्या जाड भिंगामुळे त्यांना निवायला सर्वांत जास्त वेळ लागतो. अशा दुर्बिणींच्या नळीभोवती काही जण उष्णतारोधक आवरण गुंडाळतात. ते विपरीत वाटले तरी त्यामागे तर्क आहे: नळीची भिंत पटकन थंड होऊन आतल्या हवेत गरम-थंड असे थर पडण्याऐवजी सगळी दुर्बीण हळूहळू आणि एकसारखी निवते.

ही गोष्ट डोळ्यांनी पाहायची असेल तर चकतीसारखा पसरवलेला तारा आयपीसमध्ये ठेवून दुर्बिणीच्या तोंडासमोर, खालच्या कडेजवळ, नुसता हात धरावा. बोटांवरून उठणारे गरम हवेचे लोट त्या चकतीवर ज्वाळेसारखे हलताना दिसतात. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर पडत असते. म्हणून उघड्या नळीच्या दुर्बिणीभोवती कापड लावणे आणि निरीक्षकांनी तिच्या तोंडाखाली, वारा येतो त्या बाजूला उभे न राहणे या दोन साध्या गोष्टींनीही फरक पडतो. मी जेव्हा जेव्हा हा हात धरण्याचा प्रयोग नव्या निरीक्षकांना दाखवला आहे, तेव्हा त्यांचे दुर्बिणीविषयीचे निम्मे गैरसमज तिथल्या तिथे मिटले आहेत.

जमिनीलगतचा थर आपल्या ताब्यात नसतो, पण त्याच्या वाटेतून बाजूला होणे ताब्यात असते. काँक्रीट, डांबर आणि दगडी फरशी दिवसभर ऊन पिऊन घेतात आणि मध्यरात्रीपर्यंत ते परत करत राहतात. गवत आणि माती त्या मानाने लवकर निवतात. छतावरून पाहणे सोयीचे असते, पण तापलेल्या छतावर निम्मी रात्र निघून गेल्याशिवाय ग्रहांचे काम होत नाही. एखादी इमारत, धुराडे किंवा वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग ग्रहाच्या थेट खाली येत असेल, तर दुर्बीण दहा पावले सरकवण्याने जे साधते ते महागड्या आयपीसने साधत नाही. खोलगट जागी रात्री थंड हवा उतरून साचते आणि तिच्या वरच्या सीमेवर खळबळ माजते, म्हणून उताराचा मधला भाग किंवा माथा बरा. पाण्याजवळची हवा दिवसाही एकसारखी राहते. सूर्याचे निरीक्षण दिवसाच करावे लागत असल्यामुळे सौर वेधशाळांनी याचा पुरेपूर उपयोग केला आहे: उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे आणि कॅलिफोर्नियातली बिग बेअर सौर वेधशाळा बिग बेअर तलावात पाण्याने वेढलेली उभी आहे. हौशी सूर्यनिरीक्षकाला तलाव मिळाला नाही तरी सकाळ मिळू शकते. सूर्य पुरेसा वर आला आहे, पण जमीन अजून तापलेली नाही, हा वेळ त्याच्यासाठी उत्तम असतो.

रात्रीच्या वेळांचाही आपला स्वभाव असतो. सूर्यास्ताच्या सुमारास जमीन आणि हवा यांचे तापमान काही काळ जवळजवळ सारखे होते आणि त्या अल्प वेळात हवा आश्चर्यकारक स्थिर होऊ शकते. शुक्र किंवा गुरू उजळ संधिप्रकाशात पाहिल्यास हा लाभ पदरात पडतो, शिवाय आकाश उजळ असल्यामुळे शुक्राची चकाकीही डोळ्यांना खुपत नाही. त्यानंतर जमीन झपाट्याने उष्णता सोडू लागते आणि पहिले काही तास सहसा खराब जातात. मध्यरात्रीनंतर हवा, जमीन आणि दुर्बीण तिन्ही एकमेकांशी जुळवून घेतात, म्हणून पहाटेचे निरीक्षण अनेकदा सरस ठरते. अगदी हलकी, एकसारखी झुळूक उपकारकच असते, कारण ती दुर्बिणीभोवतीची उष्णता वाहून नेते.

तिसरा मुक्काम जेट प्रवाहाचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर हे वारे नदीसारखे वाहतात, त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो आणि त्यांच्या कडांवर हवेचे थर एकमेकांवर घासत राहतात. जेट प्रवाह डोक्यावर असताना जमिनीवर पानही हलत नसले तरी ग्रहाची प्रतिमा बारीक, वेगवान थरथरीने पुसट होते. हवामान खात्यांच्या नकाशांत २५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचे वारे दाखवलेले असतात, आणि ती पातळी साधारण याच उंचीची असते. दोन-तीन दिवस आधी हा नकाशा पाहण्याची सवय लावली तर बऱ्याच व्यर्थ रात्री वाचतात. मोठ्या वेधशाळा जागेची निवड करताना याच तिन्ही मुक्कामांचा विचार करतात. हवाईच्या मौना केया शिखरावर, ४,२०० मीटर उंचीवर, किंवा चिलीतल्या २,६३५ मीटर उंचीच्या पारानालवर समुद्रावरून येणारी हवा एकसारखी वाहते आणि सीइंग बहुतेक रात्री ०.६ ते ०.८ विकलांच्या आसपास असते. अंटार्क्टिकातल्या डोम सी या ठिकाणी जमिनीलगतच्या ३० मीटरच्या थराच्या वर सीइंग अवघे ०.३ विकलांच्या खाली असल्याचे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. त्या ३० मीटरच्या आत मात्र प्रतिमा सामान्यच असते. जमिनीलगतचा थर काय करू शकतो, याचा यापेक्षा बोलका दाखला नाही.

ग्रह आकाशात किती उंचीवर आहे, यानेही मोठा फरक पडतो. क्षितिजापासून ३० अंशांवर असलेल्या ग्रहाचा प्रकाश डोक्यावरच्या ग्रहाच्या मानाने दुप्पट हवेतून येतो आणि सीइंगचा आकडा सुमारे दीडपट वाढतो. शिवाय हवा लोलकासारखी वागून रंग वेगळे करते. ४५ अंशांवर जांभळा आणि गडद तांबडा यांच्यामध्ये जवळपास दीड विकलेचे अंतर पडते, म्हणून ग्रहाची एक कड निळसर आणि दुसरी तांबूस दिसते. हा दोष खळबळीचा नव्हे, आणि तो दूर करणारे लोलकांचे साधन मिळते. पण सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ग्रह मध्यमंडलावर, म्हणजे त्या रात्रीच्या आपल्या सर्वोच्च जागी, येईपर्यंत थांबणे. छायाचित्रे घेणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. तरंगलांबी वाढली की फ्राइड यांची लांबी त्याहून वेगाने वाढते: ५०० नॅनोमीटरला ती १० सेंटीमीटर असेल, तर ७५० नॅनोमीटरला १६ सेंटीमीटर होते. चंद्राची आणि मंगळाची छायाचित्रे तांबड्या किंवा अवरक्त फिल्टरमधून जास्त रेखीव येतात, ती यामुळेच.

हवा खराब असतानाही ती एकसारखी खराब नसते. तिच्या थरथरण्यात मधूनच खंड पडतो, आणि ग्रहनिरीक्षणाचे सगळे कौशल्य त्या खंडाची वाट पाहण्यात आहे. शनीच्या कड्यांतली कॅसिनीची फट सुमारे ४,८०० किलोमीटर रुंद आहे आणि आपल्याकडून ती जेमतेम पाऊण विकलेची भरते. दोन विकलांच्या रात्री ती बराच वेळ दिसत नाही, कड्यांच्या दोन्ही टोकांना नुसता करडा भास असतो. आणि मग अर्ध्या सेकंदासाठी पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ उमटते आणि जाते. ती पुन्हा कधी उमटेल याच्याकडे लक्ष ठेवून दहा-पंधरा मिनिटे डोळा न हलवता बसलेल्या माणसाला शनी जितका दिसतो, तितका तो घाईने येऊन डोकावून जाणाऱ्याला दिसत नाही. कॅमेरा हेच काम शेकडो पटींनी करतो. काही मिलिसेकंदांच्या हजारो फ्रेम घ्यायच्या, त्यांतल्या चांगल्या तेवढ्या निवडायच्या आणि एकावर एक रचायच्या. फ्राइड यांनीच १९७८ साली याचा हिशेब मांडला. फ्राइड-लांबी ५ सेंटीमीटर असताना २५ सेंटीमीटरच्या दुर्बिणीत साधारण दर नऊ फ्रेमांमागे एक जवळजवळ निर्दोष येते, ३५ सेंटीमीटरच्या दुर्बिणीत साडेतीनशेमागे एक, आणि ५० सेंटीमीटरच्या दुर्बिणीत दहा लाखांमागे एक. हवा थोडी जरी सुधारली तरी हे प्रमाण एकदम पालटते, म्हणून मोठ्या दुर्बिणीचा मालक चांगल्या रात्रीसाठी इतका आसुसलेला असतो.

खरोखरच वाईट रात्री मोठेपणा कमी करावा आणि सूक्ष्म तपशिलाची गरज नसलेल्या गोष्टींकडे वळावे. विखुरलेले तारकागुच्छ, मोठे तेजोमेघ आणि दीर्घिका यांना पारदर्शकता लागते, स्थिरता फारशी लागत नाही, आणि वर म्हटल्याप्रमाणे या दोन गोष्टी अनेकदा एकमेकींच्या उलट वागतात. म्हणजे ग्रहांची वाईट रात्र दीर्घिकांची चांगली रात्र असू शकते.

सीइंगची नोंद ठेवण्यासाठी दोन मापपट्ट्या प्रचलित आहेत. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ विल्यम पिकरिंग यांनी पाच इंची दुर्बिणीतून ताऱ्याभोवतीच्या विवर्तन-कड्या, म्हणजे दुर्बिणीत ताऱ्याच्या टिंबाभोवती उमटणारी बारीक वर्तुळे, पाहून १ ते १० अशी श्रेणी लावली. तीत १० म्हणजे सर्वोत्तम. फ्रान्समध्ये काम केलेले ग्रीक वंशाचे ग्रहनिरीक्षक युजेन आंतोनियादी यांची श्रेणी पाच पायऱ्यांची आणि उलट दिशेची आहे: पहिली म्हणजे जराही न थरथरणारी प्रतिमा, दुसरी म्हणजे काही सेकंद टिकणाऱ्या शांततेच्या मधून हलकी थरथर, आणि पाचवी म्हणजे कच्चे चित्रसुद्धा काढता येऊ नये इतकी वाईट हवा. कोणती श्रेणी वापरली हे न लिहिता नुसता आकडा लिहिला, तर तो नंतर निरुपयोगी ठरतो.

आंतोनियादी यांना या नोंदीचे महत्त्व का वाटत असावे, हे त्यांच्याच कामात दिसते. मंगळावर सरळ रेषांच्या कालव्यांचे जाळे आहे, असे त्या काळी अनेक निरीक्षक मानत होते. २० सप्टेंबर १९०९ रोजी त्यांनी पॅरिसजवळच्या म्यूदों वेधशाळेतल्या ८३ सेंटीमीटरच्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला, आणि त्या रात्री हवा विलक्षण शांत होती. जिथे रेषा दिसायला हव्या होत्या, तिथे त्यांना वेडेवाकडे, विस्कळीत ठिपके आणि डाग दिसले. थरथरत्या हवेत डोळा अशाच ठिपक्यांना एकमेकांशी जोडून रेषा तयार करत होता. त्यांनी काढलेल्या मंगळाच्या चित्रांचे वजन ठरते ते हवेच्या नोंदीमुळे.

हौशी निरीक्षकाच्या वहीतही म्हणूनच प्रत्येक चित्राच्या किंवा छायाचित्राच्या शेजारी पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: वेळ, ग्रहाची क्षितिजापासूनची उंची, दुर्बिणीचा व्यास आणि वापरलेला मोठेपणा, सीइंगचा आकडा श्रेणीच्या नावासह, आणि पारदर्शकता वेगळ्या रकान्यात. जोडताऱ्यांची नोंद त्यासोबत केली तर आणखी उत्तम. पुनर्वसूतला कॅस्टर पाच विकलांहून थोडा जास्त विलग आहे, तो बहुतेक रात्री सुटा दिसायला हवा. अभिजितच्या शेजारचा एप्सिलॉन लायरी लहान दुर्बिणीत दोन ताऱ्यांचा दिसतो आणि त्या दोघांपैकी प्रत्येक जण पुन्हा दोन विकलांहून किंचित जास्त अंतरावरच्या जोडीत फुटतो. १०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत १५० पट मोठेपणाला चारही तारे सुटे आणि मध्ये काळी फट स्वच्छ दिसत असेल, तर त्या रात्री मोठेपणा वाढवून ग्रहांकडे वळावे, आणि फट भरून जात असेल तर दुर्बीण अजून निवली आहे का, हे आधी तपासावे.